अण्णांचा ब्रेक

गावात त्याला सगळे बघू मिस्त्री म्हणायचे. पंक्चर झालेली सायकल आणा, मोडलेला पलंग आणा, रुसलेलं शिवणयंत्र आणा, नाहीतर धाकट्या जावयाला घरी ठेवून घ्यावं की नाही हे विचारायला या, त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "बघू." नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. समोरच्याचं पडलेलं तोंड त्याला बघवत नसे, म्हणून तो बघतो म्हणायचा, आणि गंमत म्हणजे खरोखरच बघायचा. एखाद्या वस्तूचं आता काही होणार नाही हे पहिल्या नजरेत कळलं, तरी तो ती खोलून ठेवायचा, तिच्याशी झटापट करायचा आणि मग अपराध्यासारखा परत द्यायचा.

घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. भिंतीवर खिळ्यांना रिमा टांगलेल्या, एका कोपऱ्यात जुन्या ट्यूबांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. हवा भरायचा पंप मात्र साखळीने दाराच्या कडीला बांधलेला. घेऊन जाताना पंप सगळ्या गावाचा असतो आणि परत आणायची वेळ आली की कुणाचाच नसतो, हे तो अनुभवाने शिकला होता.

सायकलीच्या मागे जोडायची दोनचाकी गाडी गावात पहिल्यांदा त्यानेच केली. तिला कागदोपत्री वगैरे काही नाव असेल तर असो, गाव तिला शेपूट म्हणायचं. भंगारातली दोन चाकं, लोखंडी पट्ट्यांची चौकट, खोक्यांच्या फळ्या आणि पुढे एक लांब दांडा. हा दांडा सायकलीला कुठे जोडायचा यावरच सुरुवातीला घोडं अडलं. मिस्त्रीने तो आधी सीटखाली जोडला. पहिल्याच वळणावर शेपटाने सायकलीला असं काही ढकललं की मिस्त्री कुंपणात आणि सायकल त्याच्या अंगावर. मग त्याने दांडा खाली, मागच्या चाकाच्या आसापाशी आणला आणि जोडाच्या जागी पाण्याच्या पाइपचा जाड रबरी तुकडा घातला. रबर हवं तिकडे वळतं, त्यामुळे सायकल एकीकडे कलली तरी गाडी आपली सरळ राहते. कुंपणाचे काटे काढता काढता सुचलेली ही युक्ती होती.

दुसरी चूक त्याहून मोठी. पावसाचे दिवस होते, म्हणून त्याने दुसरी गाडी खोलीतच बसून बांधली. चांगली ऐसपैस, दणदणीत. रंगही दिला. आणि बाहेर काढायला गेला तर गाडी दाराबाहेर जाईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली. बायको कणीक मळता मळता येऊन उभी राहिली.

"आता काय मोडायचं? दार की गाडी?"

"बघू," मिस्त्री म्हणाला.

शेवटी गाडीच कापली. त्या दिवसापासून दाराची रुंदी खुणा करून एका काठीवर घेतली गेली आणि प्रत्येक गाडी त्या काठीच्या मापाने होऊ लागली. घराची दोन्ही दारं, दुकानाचं आणि मधल्या खोलीचं, सारखीच होती. बाहेरगावचं गिऱ्हाईक विचारायचं की गाडी एवढीच रुंद का. तेव्हा मिस्त्री गंभीर चेहरा करून सांगायचा, "माप ठरलेलं असतं त्याचं." ते कुठे ठरलं हे तो सांगत नसे. पण त्या मापाचा फायदाही झाला. गाडी कुठल्याही बोळातून जायची आणि कुणाच्याही घरात शिरायची.

आणि ती सगळीकडे शिरलीच. ज्यांना टेम्पो परवडत नव्हता आणि ज्यांचं ओझं डोक्यावर मावत नव्हतं, अशांनीच गाव भरलेलं होतं. दूधवाल्याचे कॅन, गिरणीतलं दळण, कुंभारणीची मडकी, कुणाचं तापाने फणफणलेलं शेरडू, कुणाच्या लेकीच्या नव्या संसाराचं कपाट, सगळं शेपटावर बसून फिरू लागलं. गावातल्या बायकांच्या माना सरळ झाल्या. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर आपली लोकं इतकी बोलतात, हे गावाला तेव्हा कळलं.

मिस्त्रीच्या बापाला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा आयुष्यभर गाडीवान होते. बैलगाडीवर बसूनच ते म्हातारे झाले. गावापासून खाली नदीकाठच्या बाजारापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता. कुठे खडी निसरडी आहे, कुठल्या वळणावर बैल बुजतात, सगळं. मग बैल गेले, गाडी गेली, आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरला तो कायमचा. हाड जुळलं पण पायात बळ आलं नाही. काठीच्या आधाराने खाटेपासून मोरीपर्यंत, एवढाच आता त्यांचा रस्ता होता. खाट मधल्या खोलीत, दारासमोर. तिथून मिस्त्रीचं काम दिसायचं आणि त्यावर टीका करता यायची.

अण्णांचा एकच जिवलग होता. तोही जुना गाडीवान, आता खाली बाजारात दोर विकायचा. त्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे तो वर येऊ शकत नव्हता, आणि अण्णा खाली जाऊ शकत नव्हते. दोघांची मैत्री मिस्त्रीच्या तोंडून चालायची. बाजाराच्या दिवशी दोरवाला निरोप द्यायचा, "त्या खडूसाला सांग, मी अजून आहे." मिस्त्री घरी येऊन तसंच्या तसं सांगायचा. अण्णा म्हणायचे, "त्या चोराला सांग, माझा चाबूक अजून त्याच्याकडेच आहे." पुढच्या बाजाराला मिस्त्री तो निरोप पोचवायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दर वेळी निरोप सांगून झाला की अण्णा थोडा वेळ गप्प बसायचे. मिस्त्रीला ते गप्प बसणं सहन होत नसे.

म्हणून त्याने ठरवलं, अण्णांना खाली न्यायचं. गुपचूप एक खास शेपूट बांधलं. त्यावर खुर्ची ठोकली. खुर्चीला गादी, गादीला फुलाफुलांचं कापड, वर ऊन लागू नये म्हणून छत्री. बांधताना तो स्वतःवरच खूश होता. बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी केली. शेजारीपाजारी जमले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"चला अण्णा," मिस्त्री म्हणाला, "तुमची गाडी आली."

अण्णांनी खाटेवरूनच गाडीकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं.

"ही गाडी कोण हाकणार?"

"मी की."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही काय करायचं? आरामात बसायचं!"

"हे बघ," अण्णा अगदी शांत आवाजात म्हणाले. "गाडीवर दोघंच असतात. एक हाकणारा आणि एक माल. जन्मभर मी हाकणारा होतो. आता मरायच्या आधी मला माल करू नकोस. ते दार लाव."

बायकोने दार लावलं. बाहेरचे लोक आपापल्या कामाला गेले. खुर्ची काढून मिस्त्रीने दुकानात ठेवली आणि तिच्यावर गिऱ्हाईक बसू लागलं. पण मधलं दार लागलं ते लागलंच. अण्णा आता कामावर टीका करत नव्हते. निरोपही पाठवत नव्हते. दोरवाला विचारायचा, "काय म्हणतोय खडूस?" मिस्त्री म्हणायचा, "बरे आहेत." थापा मारायचं त्याला मुळीच जमत नसे, आणि ही तर फारच पडेल थाप होती. दोरवाला मान हलवून दोर वळत बसायचा.

असे बरेच दिवस गेले. आणि मग कुंभारीण रस्त्यावरून ओरडतच दुकानात शिरली. साडीला चिखल, केसांत पाला, हातात मडक्याचा एक गळा, बाकीचं मडकं नाही.

"मिस्त्री! बाहेर ये!"

"काय झालं ताई? लागलं का कुठे?"

"मला काय लागायचंय? माझ्या मडक्यांना लागलं! तुझ्या शेपटाने उतारावर मला मागून ढकललं. मी सायकलीचे ब्रेक दाबतेय, सायकल थांबायला तयार आहे, पण ते मागचं सैतान काही ऐकेना. शेवटी सायकल झुडपात घातली. मी शेपूट ओढते की शेपूट मला हाकतं?"

तिचं खरं होतं. वर चढताना आणि सपाटीवर गाडी गरीब गाईसारखी मागून यायची. पण भरलेली गाडी घेऊन उतार उतरताना ती अंगावर यायची. दूधवाला उतारावर खाली उतरून चालायचा, दळणवाले दोघं मिळून जायचे. कुंभारणीला घाई असायची आणि तिच्याबरोबर दुसरं कुणी नसायचं.

"बघू," मिस्त्री म्हणाला.

"बघू नको, कर!" तिने मडक्याचा गळा त्याच्या टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

मिस्त्री सायकलवाला होता. त्याला फार विचार करावा लागला नाही. गाडीच्या चाकाला सायकलीसारखेच ब्रेक बसवायचे, लांब तार घ्यायची, दांड्यावरून पुढे आणायची आणि ओढायची मूठ हँडलला. त्याने पत्र्याचा डबा उघडला, तारांच्या गुंत्यातून एक लांब तार ओढून काढली, आणि ती गाडीला लावून बघतोय तोच आतून आवाज आला.

"उतारावर ना?"

मिस्त्री दचकला. मधलं दार आतून काठीने ढकललेलं होतं. खाटेवर अण्णा कोपरावर उठून बसले होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा बोलत होते.

"हो अण्णा. उतारावर."

"मोठ्या वळणाच्या अलीकडे?"

"अलीकडेच."

"होणारच! उतारावर गाडी दाबावी लागते. चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा, मागे बसून दांडी ओढायची. उतार लागायच्या आधीच थोडं दाबायचं, वळणावर थोडं सोडायचं, मग पुन्हा दाबायचं. अरे, हे हाताला कळावं लागतं. भरलेल्या गाडीला ब्रेक दाबायला माणूसच लागतो!"

मिस्त्री हातातल्या तारेकडे बघत उभा राहिला. मग अण्णांकडे बघितलं. अण्णांचे डोळे असे लकाकत होते की जणू बैल दारात जुंपून उभे आहेत.

त्याने तार हळूच डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"माणूस लागतो म्हणता?"

"लागतोच."

"मग अवघड आहे अण्णा. असा जाणता माणूस आणायचा कुठून?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला. अण्णा काही क्षण छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी ठोकळे तर कर. मग बघू." बघू म्हणायची सवय मिस्त्रीला कुठून लागली होती, ते तेव्हा कळलं.

पुढचे दिवस घरात नुसती धांदल होती. खाटेवर लाकडाचा भुसा, उशीखाली रंधा, अण्णांच्या मांडीवर ठोकळा. मिस्त्रीने केलेले पहिले ठोकळे त्यांनी फेकून दिले, दुसरे शिव्या देऊन परत केले. गाडीच्या दोन्ही चाकांसमोर एकेक ठोकळा, मधे आडवी दांडी आणि ती ओढायला एक मूठ, असं सगळं जुळलं. पण लाकूड टायरवर घसरायचं. अण्णांनी विचार केला आणि सुनेला हाक मारली.

"माझ्या वहाणा कुठे आहेत?"

सुनेने खाटेखालून त्या काढल्या. जाड तळव्यांच्या, गाडीवानाच्या वहाणा. कितीतरी दिवसांत त्या पायात गेल्या नव्हत्या, तरी ती त्या पुसून ठेवायची.

"तळवे काप आणि ठोकळ्यांना ठोक," अण्णा मिस्त्रीला म्हणाले. "हे चामडं धरतं."

"अण्णा, वहाणा राहू द्या. मी दुसरं काहीतरी..."

"ठोक म्हणतो ना! घालून मी कुठे चालणार आहे?"

मिस्त्रीने कातर हातात घेतली. बापाच्या वहाणा कापताना त्याला भरून आलं आणि ते लपवण्यासाठी तो उगाच खोकत राहिला. अण्णा म्हणाले, "खोकू नकोस, वाकडं कापशील."

बाजाराच्या दिवशी सायकलीला जोडलेलं शेपूट दुकानातून सरळ मधल्या खोलीत शिरलं, अगदी खाटेला लागून उभं राहिलं. दाराचं ते माप इथे कामाला आलं. कुणाला उचलावं लागलं नाही, कुणी बघायला आलं नाही. अण्णा खाटेवरून सरकले आणि गाडीत बसले. खुर्ची नव्हती, छत्री नव्हती. फळीवर दुमडलेलं पोतं आणि हातात ब्रेकची मूठ.

"माल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माल कशाला? आज नुसतं..."

"रिकामी गाडी मी कधी बाजारात नेली नाही."

मग कुंभारणीच्या दारात गाडी थांबली. तिने आधी अण्णांकडे पाहिलं, मग ब्रेककडे, मग गवत घालून घालून त्यांच्या पुढ्यात मडकी रचली. "फुटलं तर बघा," ती म्हणाली. "मडकं मांडीवर घेऊन बस म्हणालीस तरी बसेन," अण्णा म्हणाले, "पण बडबड करू नकोस."

उतार जवळ आला तसा मिस्त्रीला घाम फुटला. पाठीमागे बाप, मडकी, आणि चामड्याचे दोन तुकडे. त्याने सायकलीच्या ब्रेकवर बोटं आवळली.

"बोटं काढ!" मागून आवाज आला. "दोघांनी दाबली की गाडी वाकडी होते. तू फक्त समोर बघ."

त्याने बोटं काढली. गाडीने वेग घ्यायला सुरुवात केली, आणि मग घेता घेताच तो वेग कुणीतरी हाताने धरून ठेवल्यासारखा थांबला. चामडं करकरलं. वळणावर ते सैल झालं, गाडी वळली, पुन्हा करकरलं. मागून अण्णा बोलत होते, पण मिस्त्रीशी नव्हे. "हं, हं, सावकाश, राजा, सावकाश." ते बैलांशी बोलायचे तसंच. मडक्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

बाजारात दोरवाल्याने मान वर केली. समोर गाडी, गाडीत अण्णा. त्याच्या हातातला दोर सुटला.

"कोण हाकतंय गाडी?" त्याने विचारलं.

"पोरगा ओढतोय," अण्णा म्हणाले. "हाकतोय मी. माझा चाबूक दे."

दोरवाल्याने मागच्या पोत्यात हात घातला आणि खरोखरच चाबूक काढला. तो त्याने कितीतरी बाजार बरोबर आणला होता, कधीतरी हा माणूस येईल म्हणून. मग दोघांनी एकमेकांना इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या भाजीवालीने कानांवर हात ठेवले. दुपारपर्यंत ते बसून होते. मडकी सगळी विकली गेली. परतताना अण्णांनी चांभाराकडून नव्या वहाणा घेतल्या.

"चालणार कुठे आहात?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"गाडीवान अनवाणी बसतो का कधी?" अण्णा म्हणाले.

यानंतर सगळं छान चाललं असतं, जर गाव आंधळं असतं. पण गावाने ब्रेक पाहिला होता. दूधवाला आला, दळणवाले आले. सगळ्यांना ब्रेक हवा होता. मिस्त्री सगळ्यांना एकच सांगायचा, "ब्रेकला माणूस लागतो." आणि हे सांगताना त्याचे कान लाल व्हायचे.

कुंभारीण काही ऐकणाऱ्यातली नव्हती. तिला एका बाजारावर भागत नव्हतं, आसपासच्या गावांतही जावं लागे.

"माणूस लागतो? मी माणूस कुठून आणू? आणि आणून गाडीत बसवला तर मडकी कुठे ठेवू, डोक्यावर? मग शेपूट कशाला घेतलं?"

"बघू, ताई."

"तू बघतच बस. परवा मी पुन्हा झुडपात गेले. पुढच्या वेळी झुडूप नसेल, दगड असेल."

त्या रात्री मिस्त्रीने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. हँडलला तार लावलेली दिसली की अण्णांना कळणार, ब्रेकला माणूस लागत नाही. म्हणजे मागे बसलेला माणूस हाकणारा नाही. मग पुन्हा ते दार लागणार, आणि या वेळी ते उघडणार नाही. त्याने हे सगळं बायकोला कुजबुजत सांगितलं.

"ते सगळं खरं," ती म्हणाली. "पण अण्णांचा मान राखायला तुम्ही सगळं गाव उतारावर सोडणार का? तिचे हातपाय मोडले तर अण्णांच्या तोंडाकडे बघू शकाल?"

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही. उद्याच."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात मधल्या दारासमोर पोत्यांचा पडदा टांगला. ऊन फार येतं, असं कारण सांगितलं. ऊन दुसऱ्या बाजूने यायचं. पडद्याआड बसून त्याने कुंभारणीच्या गाडीला तार लावली, दांड्याखालून ओढून हँडलपर्यंत आणली, मूठ बसवली. आवाज होऊ नये म्हणून पाना फडक्यात गुंडाळून फिरवला. शेवटी तार ताणून एकदाच ओढून बघितली. खट्. चाक थांबलं.

"तार थोडी सैल ठेव," पडद्यापलीकडून अण्णा म्हणाले. "एकदम धरली तर मडकी उडतील."

मिस्त्रीच्या हातातून पाना पडला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पडदा बाजूला करून तो खाटेपाशी गेला आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

"अण्णा..."

"सायकलवाल्याच्या बापाला ब्रेकची तार ठाऊक नसेल, असं वाटलं का तुला?"

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्या दिवशीच. मी ओरडलो तेव्हा तार तुझ्या हातात होती. तू ती डब्यात टाकलीस. झाकण वाजलं. पाय गेलेत माझे, कान नाहीत गेले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

अण्णांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"बोललो असतो, तर घरी बसलो असतो," ते म्हणाले. "तू कारण दिलंस, मी घेतलं. इतकी वर्षं मीही कारणच शोधत होतो रे."

मिस्त्री खाली बसला, खाटेच्या कडेला, बापाच्या पायाशी. मग अण्णांनी घसा खाकरला आणि एकदम व्यवहाराच्या आवाजात विचारलं, "आता आपल्या गाडीलाही तार लावणार असशील?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. बघू हा शब्द सवयीने ओठांपर्यंत आला होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही लावणार."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या माणसाच्या तोंडून हा शब्द बायको पहिल्यांदाच ऐकत होती.

आता गावातल्या सगळ्या शेपटांना तारेचे ब्रेक आहेत, मिस्त्रीची स्वतःची गाडी सोडून. नवं गिऱ्हाईक कधी विचारतं, मिस्त्री, तुमच्याच गाडीला तार कशी नाही? मिस्त्री म्हणतो, तारेचा काय भरवसा. बाजाराच्या दिवशी अण्णा सकाळपासून नव्या वहाणा घालून खाटेवर तयार बसतात. उतारावर कुंभारीण हँडलवरची मूठ दाबत शेजारून जाते आणि ओरडते, "अण्णा, माणूस लागतो का हो?" अण्णा तिला चाबूक दाखवतात.

मोठ्या वळणाच्या पुढे एक जागा आहे, तिथून खालची नदी आणि सगळा बाजार दिसतो. तिथे आलं की गाडी आपोआप सावकाश होते आणि थांबते. मिस्त्रीने पायडल मारून उपयोग नसतो, चामड्याने चाकं धरलेली असतात. मागे अण्णा डोळ्यांवर हात आडवा धरून बघत बसलेले असतात. तिकडे खाली दोरवाला ज्या झाडाखाली बसतो ते झाड शोधतात, नदीला पाणी किती आहे ते बघतात. उशीर होत असतो, गाडीतला माल पोचवायचा असतो, पण मिस्त्री कधी घाई करत नाही. एक पाय जमिनीवर टेकून तो उभा राहतो, मागून मूठ सुटेपर्यंत.